मुलांसह पुण्यात बदलून येताय? भागाचं नाव शेवटी ठरवा

पुण्यात नोकरी लागली की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, "घर कुठं बघतोयस?" उत्तर एका शब्दात हवं असतं: वाकड, खराडी, मोशी, हडपसर. पण वाकड ही काही एकच जागा नाही. कस्पटे वस्तीच्या आतल्या गल्लीत राहणारं कुटुंब आणि महामार्गाच्या सेवा रस्त्याला लागून राहणारं कुटुंब, दोघांचा पत्ता वाकडच. दिवस मात्र अगदी वेगळे. एकट्या माणसाला हा फरक फारसा कळत नाही. तो सकाळी निघतो आणि रात्री झोपायला येतो. मुलांचं तसं नाही. शाळेचे तास सोडले तर त्यांचं सगळं जग इमारतीभोवतीच्या किलोमीटरभरात असतं. खेळणं तिथं, शिकवणी तिथं, वही संपली म्हणून पळत जायचं दुकानही तिथंच. परवडणारं आणि सुरक्षित घर शोधायचं तर हा किलोमीटर तपासता आला पाहिजे. भागाचं नाव त्यातून आपोआप निघतं.

लातूर, नांदेड, जळगाव, अमरावती अशा ठिकाणांहून एक-दोन मुलं घेऊन पुणे किंवा पिंपरी-चिंचवडला येणारं, भाड्यासाठी महिना १५ ते २५ हजार बाजूला काढू शकणारं कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय. लगेच फ्लॅट विकत घ्यायचा विचार असेल तर तो वर्षभर बाजूला ठेवा. शहर माहीत नसताना वीस वर्षांचा हप्ता बांधून घेण्यात शहाणपणा नाही.

पायरी पहिली: कामाचं नेमकं फाटक

"हिंजवडीत कंपनी आहे" एवढ्यावर घर शोधू नका. राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाचा पहिला टप्पा वाकडच्या बाजूला, तिसरा माण गावाच्याही आत. वाकडच्या पुलावरून पहिल्या टप्प्यात पोचायला लागणारा वेळ आणि तिसऱ्या टप्प्यात पोचायला लागणारा वेळ यांत, सकाळी नऊला, अर्ध्या तासाहून जास्त अंतर पडू शकतं. जून २०२५ च्या पहिल्या मोठ्या पावसात तिथले रस्ते कसे वाहत होते, त्याचे व्हिडिओ अजून सापडतील. बघून घ्या. चाकणचंही तसंच आहे. महाळुंगे नावाची दोन गावं आहेत, एक बालेवाडीला लागून आणि दुसरं चाकण एमआयडीसीत. नियुक्तिपत्रावर नुसतं "महाळुंगे" लिहिलेलं असेल तर पिनकोड विचारा. भलत्याच महाळुंग्याच्या आसपास घर बघत फिरण्यापेक्षा ते बरं.

कारखान्यात नोकरी असेल तर एचआरला पहिल्याच फोनवर विचारा: कंपनीची बस आहे का, कुठल्या थांब्यांवरून जाते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या पाळीलाही असते का? चाकण, रांजणगाव, तळेगावच्या अनेक कंपन्या बस पाठवतात. बस निगडी किंवा चिंचवडला थांबत असेल तर चाकणच्या धुळीत राहायची गरजच उरत नाही. निगडी, आकुर्डी, चिंचवड हे जुने वसलेले भाग आहेत. शाळा, दवाखाने, बागा, मंडई तिथं आधीपासून आहेत, आणि नव्या टॉवरऐवजी जुन्या सोसायटीतलं घर चालत असेल तर भाडंही आवाक्यात येतं. पुणे-लोणावळा लोकलही याच पट्ट्यातून जाते: पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, तळेगाव.

मेट्रोचं गणित सोपं ठेवा. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट हा एक मार्ग, वनाज ते रामवाडी हा दुसरा, आणि दोन्ही जिल्हा न्यायालयापाशी मिळतात. हिंजवडी-शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या तिसऱ्या मार्गाच्या नावावर बालेवाडी-बाणेर पट्ट्यात भाडं वाढवून सांगायची सवय लागली आहे. एजंटाने "मेट्रोला लागून" म्हटलं की त्या स्थानकावर आज गाडी थांबते का, आणि तुमच्या वेळेला ती तुम्हाला कामावर नेते का, एवढंच बघायचं.

आता खरा प्रश्न: शाळेतून फोन आला, "बाळाला ताप आलाय, घेऊन जा," तर अर्ध्या तासात कोण पोचणार? आई-बाबांपैकी एकाचं तरी उत्तर "मी" असायला हवं. दोघंही तासभर लांब असतील आणि आजी-आजोबा गावी असतील, तर ते घर कितीही स्वस्त असलं तरी यादीतून काढा. आईची (किंवा बाबांची) नोकरी अजून शोधायची असेल तर एकाच दिशेला रस्ता असलेल्या टोकाच्या वस्तीत घर घेऊ नका. पुढच्या नोकरीची दारं त्यानं आधीच बंद होतात.

पायरी दुसरी: घराआधी शाळा

बहुतेक जण आधी घर घेतात आणि मग जवळची शाळा शोधतात. मी उलट सांगेन. भाड्याची घरं बारा महिने मिळतात, चांगल्या शाळेतली जागा मिळत नाही.

आधी वेळापत्रक. राज्य मंडळाच्या शाळा पुण्यात जूनच्या मध्यावर सुरू होतात, विदर्भात उन्हामुळे त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी. नागपूर-अमरावतीकडून येणाऱ्यांनी तिकडच्या तारखेवर विसंबून राहू नये. सीबीएसईच्या बहुतेक शाळा एप्रिलमध्येच सुरू होतात आणि त्यांचे प्रवेश आदल्या हिवाळ्यात चाललेले असतात. नोकरी ऑगस्टमध्ये लागली असेल तर एकानं आधी जाऊन मुलांना वर्ष संपल्यावर आणणं, हा पर्याय कुटुंबाला जड वाटला तरी अनेकदा तोच बरा. मूल दहावी किंवा बारावीत असेल तर मध्येच हलवू नका. मंडळाकडची नोंदणी आणि परीक्षा केंद्र यांचा घोळ त्या वर्षी कुणालाच परवडत नाही. अकरावीचे प्रवेश मात्र २०२५ पासून राज्यभर एकाच ऑनलाइन पद्धतीनं होतात, त्यामुळे दहावीनंतरची बदली त्यातल्या त्यात सोपी.

पहिलीसाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण, नर्सरीसाठी तीन वर्षं पूर्ण, हा राज्याचा नियम आहे. कागदांत शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, मागच्या वर्षाचं प्रगतिपुस्तक, आधार आणि जुन्या शाळेतली सरल नोंदणी (विद्यार्थ्यांची राज्याची ऑनलाइन नोंद) लागते. जुन्या मुख्याध्यापकांना निघण्याआधीच सांगून ठेवा, कारण मुलाचं नाव जुन्या शाळेच्या ऑनलाइन यादीतून सुटल्याशिवाय नव्या शाळेत चढत नाही. हे काम फोनवरून रेंगाळतं.

नवीन वस्त्यांमध्ये दोन मजले भाड्यानं घेऊन "इंटरनॅशनल" नावाची पाटी लावलेल्या शाळा बऱ्याच असतात. शाळेला मान्यता आहे का, हे तिचा यूडायस क्रमांक, म्हणजे प्रत्येक शाळेला मिळणारा सरकारी ओळख क्रमांक, विचारून तपासता येतं, आणि शिक्षण विभाग अनधिकृत शाळांची यादीही जाहीर करतो. क्रमांक सांगायला टाळाटाळ झाली तर तिथून उठा. मराठी माध्यम हवं असेल तर जुन्या भागांत, म्हणजे चिंचवड, निगडी, कोथरूड, हडपसर गावठाण या बाजूंना, संस्थांच्या शाळा अजून भरलेल्या आहेत. नव्या टॉवरांच्या पट्ट्यात त्या शोधाव्या लागतात. माध्यम ठरलं की घराचा शोध आपोआप अर्ध्यावर येतो.

आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत राखीव असलेल्या २५ टक्क्यांतल्या जागेवर, प्रवेश हवा असेल तर पत्त्याला फार महत्त्व येतं. सोडतीत शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या मुलांना आधी संधी मिळते. भाड्यानं राहणाऱ्यांना नोंदणीकृत भाडेकरार दाखवावा लागतो, तोही अर्ज भरण्याच्या आधीचा. खुल्या गटासाठी वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असण्याची अट आहे. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त आणि इतर मागासवर्गीयांना ती नाही. मूल लहान असेल आणि हा मार्ग धरायचा असेल तर आधी नकाशावर त्या शाळा मांडा, प्रत्येकीभोवती एक किलोमीटरचं वर्तुळ काढा, आणि घर त्या वर्तुळातच बघा.

शाळेची बस की व्हॅनकाका? राज्याच्या २०११ च्या नियमांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते आणि बसमध्ये मदतनीस असावा लागतो. मुली असतील तर महिला मदतनीस. शाळेत जाल तेव्हा समितीच्या मागच्या बैठकीबद्दल विचारा. उत्तर देताना समोरच्याचा चेहरा बघितला की पुढचं काही विचारावं लागत नाही. व्हॅनकाका निवडलेत तर गाडीत मुलं किती बसवतात ते शाळा सुटताना स्वतः उभं राहून मोजा. मूल चालत जाऊ शकेल अशी शाळा मिळाली तर भाडं दोन हजार जास्त पडलं तरी मी तीच घेईन.

पायरी तिसरी: भाड्याच्या पुढची बेरीज

समजा दोन घरं समोर आहेत. पहिलं कामापासून सहा किलोमीटरवर, भाडं २५ हजार. दुसरं बावीस किलोमीटरवर, भाडं १५ हजार. महिन्याला दहा हजार वाचतात, म्हणून मन दुसऱ्याकडे धावतं.

आता कागदावर लिहा. महिन्याचे २२ कामाचे दिवस, गाडी लिटरला १५ किलोमीटर देते, पेट्रोल शंभराच्या थोडं वर, समजा १०४ रुपये. लांबच्या घरातून महिन्याला ९६८ किलोमीटर होतात, म्हणजे सुमारे ६,७०० रुपये. जवळच्या घरातून २६४ किलोमीटर, सुमारे १,८०० रुपये. फरक ४,९०० चा. लांबच्या घरातून शाळेची बस लागते, धरा २,५००. तिथं उन्हाळ्यात टँकर लागतो आणि सोसायटी तो खर्च वाटून घेते, धरा महिन्याला सरासरी १,५००. बेरीज ८,९००. दहा हजारांची बचत अकराशेवर आली. शिवाय येता-जाता प्रत्येकी पाऊण तास जास्त, म्हणजे महिन्याला ३३ तास. एवढ्या वेळात मुलाचा अभ्यास घेऊन, जेवण करून, गोष्टही सांगून होते.

दुचाकीनं जाणार असाल तर इंधनाचा फरक तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि लांबचं घर खरंच स्वस्त पडतं. पण मग पावसाळ्यातली ती बावीस किलोमीटर डोळ्यांसमोर आणा. माझे आकडे फक्त नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. बेरीज मात्र टाळू नका. एकरकमी खर्च वेगळा धरा: दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट, एक महिन्याची दलाली, सामानाचा टेम्पो आणि शाळेची प्रवेश फी. हे सगळं एकाच महिन्यात येतं, आणि पहिला पगार त्याच्या नंतर.

पायरी चौथी: पाणी कुठून येतं

एजंट म्हणतो, "चोवीस तास पाणी." टाकीत टँकर ओतला तरी नळाला चोवीस तास पाणी येतं, त्यामुळे त्याचं बोलणं खोटं नसतं. प्रश्न असा विचारा: महापालिकेचं कनेक्शन आहे का, दिवसाला किती वेळ येतं, बोअरचं पाणी मिसळता का, आणि एप्रिल-मेमध्ये रोज किती टँकर येतात? हे एजंटाला न विचारता वॉचमनला आणि तळमजल्यावरच्या एखाद्या काकूंना विचारायचं.

पिंपरी-चिंचवडला पवना धरणातून पाणी येतं आणि नोव्हेंबर २०१९ पासून ते दिवसाआड सोडलं जातं. मोठी टाकी असलेल्या सोसायटीला त्याचं काही वाटत नाही, छोट्या इमारतीला वाटतं. पुणे शहराचा भार खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या साखळीवर आहे. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. हद्दीत आली म्हणून तिथं लगेच जलवाहिन्या पोचल्या असं झालं नाही. हिंजवडी, माण ही गावं तर ग्रामपंचायतीच्याच कारभारात राहिली, वर पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. त्यामुळे घर बघताना पहिल्या पाच मिनिटांत विचारा: हे घर महापालिकेत आहे, ग्रामपंचायतीत आहे की नव्यानं आलेल्या गावात? कचरागाडी, रस्त्यावरचे दिवे, पाणी, सांडपाणी या सगळ्यांची उत्तरं त्यातून मिळतात.

लहान मुलं असतील तर पाण्याचा प्रश्न आणखी गंभीर होतो. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या बाजूला, गुइलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकदम वाढले आणि संशयाची सुई दूषित पाण्याकडे गेली. यातलं नांदेड आणि किरकटवाडी हे २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या गावांपैकीच. त्या भागात राहूच नका असं मी म्हणणार नाही, हजारो कुटुंबं तिथं नीट राहतात. पण विहीर किंवा टँकरचं पाणी असलेल्या घरात जाणार असाल तर सोसायटीनं पाण्याची तपासणी शेवटची कधी केली, त्याचा कागद मागा. कागद नसेल तर पिण्याचं पाणी उकळण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

पायरी पाचवी: स्वस्त का आहे, हे शोधा

शेजारच्या इमारतीपेक्षा भाडं तीन-चार हजारांनी कमी असेल तर कारण असतंच. कधी ते तुम्हाला चालण्यासारखं असतं. लिफ्ट नसलेली जुनी इमारत, पार्किंग नाही, स्वयंपाकघर अंधारं: तरण्याताठ्या आई-बाबांना यातलं काही अडत नाही. अशी घरं खुशाल घ्या.

काही कारणं मात्र मुलांच्या अंगावर येतात. मोशीत कचरा डेपो आहे. वारा फिरला की वास कुठल्या सोसायटीपर्यंत येतो हे तिथला किराणावाला नेमकं सांगतो. फुरसुंगी-उरुळी देवाचीच्या बाजूलाही हाच प्रश्न विचारायचा. भोसरी, तळवडे, चिखलीच्या कुदळवाडीकडे लघुउद्योग आणि भंगाराची गोदामं वस्तीला चिकटून वाढली. कुदळवाडीत २०२५ च्या सुरुवातीला महापालिकेनं मोठी पाडापाडी केली, तरी दम्याचा त्रास असलेलं मूल घेऊन कारखान्यांच्या लगत जाऊ नये. लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, आणि लढाऊ विमान डोक्यावरून गेलं की झोपलेलं तान्हं बाळ दचकून उठतं. शाळकरी मुलं मात्र त्याच विमानांसाठी गच्चीवर धावतात, म्हणजे हा तोटा वयावर अवलंबून आहे.

पुराचं मात्र वयाशी काही देणंघेणं नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि कात्रज ते सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पुलापर्यंतच्या वस्त्यांत पाणी घुसलं. तो नदीचा पूर नव्हता, ओढ्याचा होता, आणि ओढा वर्षभर गटारासारखा दिसतो. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्यानं सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तळमजले बुडाले. नदीकाठी घर बघत असाल तर ते निळ्या पूररेषेच्या आत आहे का हे महापालिकेच्या विकास आराखड्यावर बघा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. नकाशा बघता येत नसेल तर इमारतीच्या मागे जाऊन ओढा शोधा आणि जुन्या रहिवाशाला विचारा, "पाणी कुठपर्यंत आलं होतं?" "आलं होतं का" असं विचारू नका, लोक घरमालकाची बाजू सांभाळून नाही म्हणतात.

पायरी सहावी: सुरक्षित म्हणजे कशापासून

सुरक्षा म्हटलं की लोकांना चोऱ्या आणि टोळक्यांची भीती आठवते. ती तपासण्याची सोय आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर प्रसिद्ध केलेले एफआयआर पोलीस ठाणं आणि तारीख निवडून बघता येतात. तुमच्या भागाचं ठाणं निवडा, मागच्या दोन-तीन महिन्यांचे गुन्हे चाळा. वाहनचोरी जास्त आहे, घरफोड्या होतात की हाणामाऱ्या, कुठल्या चौकाचं नाव पुन्हा पुन्हा येतं, याचा अंदाज येतो. लैंगिक गुन्हे आणि मुलांशी संबंधित संवेदनशील गुन्हे मात्र तिथं टाकत नाहीत, त्यामुळे यादी कोरी दिसली म्हणजे काहीच घडत नाही असं समजू नका. पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय ऑगस्ट २०१८ पासून वेगळं आहे. वाकड, हिंजवडी, चाकण त्यात येतात. चुकीच्या आयुक्तालयाखाली ठाणं शोधत बसू नका.

तरीही मुलांसाठी माझ्या मनात पहिला धोका रस्त्याचा आहे. हिंजवडी, वाघोली, मोशी, पुनावळे, जिथं जिथं बांधकामं चालू आहेत तिथं मिक्सर आणि डंपर दिवसभर धावतात, आणि पदपथ एकतर नसतो किंवा त्यावर गाडे असतात. घर आणि शाळा यांच्यामध्ये महामार्ग येतो का? येत असेल तर भुयारी मार्ग किंवा पादचारी पूल आहे का, आणि संध्याकाळी तिथं दिवा लागतो का? कात्रज-देहूरोड बाह्यवळणावरचा नवले पूल अपघातांसाठी राज्यभर माहीत आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथं एका अवजड वाहनानं एकापाठोपाठ अनेक वाहनांना धडका दिल्या. नऱ्हे-आंबेगाव बाजूला घर घेणाऱ्यांनी मूल त्या रस्त्याच्या कुठल्या बाजूला शाळेला जाणार हे आधी ठरवावं.

मग इमारत. गच्ची आणि बाल्कनीचा कठडा मुलाच्या छातीच्या वर आहे का? आडव्या सळ्या असतील तर मुलं त्यांचा जिना करतात, उभ्या सळ्या बऱ्या. खिडक्यांना जाळी बसवायला मालक परवानगी देतो का, हे करारात लिहून घ्या. लिफ्टची तपासणी कधी झाली? पाण्याच्या टाकीचं झाकण कुलूपबंद आहे का? पोहण्याचा तलाव असेल तर त्याला कुंपण आणि जीवरक्षक आहे का? नसेल तर ती सुविधा नव्हे, जबाबदारी आहे. राज्याच्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे इमारतीनं वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, यंत्रणा चालू असल्याचं प्रपत्र ब द्यायचं असतं. सोसायटीच्या कार्यालयात ते मागून बघा. गुंठेवारीतल्या, म्हणजे गुंठ्या-गुंठ्यानं विकलेल्या जमिनीवरच्या, दाटीच्या इमारतींत भाडं कमी असतं, पण गल्लीत अग्निशमनाची गाडी शिरेल का हे स्वतः चालून बघा. भोगवटापत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला) नसलेली इमारत असेल तर पाण्याचं कनेक्शनही अनेकदा कच्चंच असतं.

पायरी सातवी: तीन वेळा जाऊन बघा

रविवारी सकाळी अकराला प्रत्येक गल्ली छान दिसते. खरी भेट तीन वेळांची: कामाच्या दिवशी सकाळी साडेसातला, संध्याकाळी सहाला आणि रात्री दहाला. सकाळी शाळेच्या बस कुठं थांबतात आणि कोंडी कुठं होते ते कळतं. रात्री दिवे, भटकी कुत्री आणि बियर शॉपीसमोरची गर्दी कळते.

सगळ्यात जास्त वेळ संध्याकाळी सहाला काढा. मुलं खाली खेळताहेत का? खेळत असतील तर कोणत्या वयाची, आणि मुली आहेत का? दहा-बारा वर्षांच्या मुली सायकल चालवताना, एकट्या दुकानात जाताना दिसल्या तर त्या वस्तीबद्दल मला आणखी फार काही विचारायचं उरत नाही. टॉवर भारी, बाग भारी, आणि सहा वाजता खाली एकही मूल नाही, असंही बघायला मिळतं. कारण विचारा. कधी सगळी मुलं शिकवणीला असतात, कधी सोसायटीनं चेंडू खेळायला बंदी केलेली असते, कधी गाड्यांनी मैदान खाल्लेलं असतं. आपलं मूल दोन वर्षं तिथं वाढणार आहे, तेव्हा पाटी वाचून घ्या.

दोघंही नोकरी करणार असाल तर पाळणाघर याच भेटीत शोधा. घराच्या इमारतीत किंवा शेजारच्या इमारतीत असलेलं साधं पाळणाघर लांबच्या चकचकीत डे-केअरपेक्षा बरं, कारण ट्रॅफिकमध्ये अडकलात तर शेजारच्या काकू मुलाला घेऊन येऊ शकतात. बालरोगतज्ज्ञ रात्री कुठं मिळतात हेही विचारा. पिंपरीचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, म्हणजे वायसीएम, आणि पुण्याचं ससून ही मोठी सरकारी ठिकाणं. घरापासून तिथवर रात्री किती वेळ लागतो ते नकाशावर बघून ठेवा.

पायरी आठवी: करार

लिव्ह अँड लायसन्स करार बहुधा ११ महिन्यांचा असतो, आणि "अकराच महिने आहेत, नोंदणी कशाला" असं सांगणारे भेटतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, मुदत कितीही असो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, ही गोष्ट मालकाला शांतपणे सांगितली की तो सहसा तयार होतो. खर्चही फार नाही. महिना २० हजार भाडं आणि ६० हजार डिपॉझिट असेल तर मुद्रांक शुल्क साडेपाचशेच्या आसपास येतं, वर नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० आणि ग्रामीण भागात ५००. आधारवर अंगठा देऊन हे घरबसल्या होतं. शाळा, आरटीई, गॅस, बँक, सगळीकडे हाच कागद चालतो.

करारात बघायचं ते असं: लॉक-इन (घर सोडता येणार नाही तो काळ) किती महिन्यांचा, नोटीस किती, मेंटेनन्स आणि टँकर कुणाकडे, निघताना रंगरंगोटीच्या नावाखाली किती कापणार. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क लावते, ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही आणि मुळात ते मालकाचं देणं आहे. लॉक-इन सहा महिन्यांपेक्षा जास्त मान्य करू नका. शाळा जमली नाही किंवा पाण्याचा त्रास झाला तर निघायची वाट मोकळी हवी. घर ताब्यात घेताना भिंती, नळ, गिझर यांचे फोटो काढून मालकाला त्याच दिवशी पाठवा.

राहायला गेल्यावर

पहिल्या आठवड्यात भाडेकरू म्हणून पोलिसांकडची ऑनलाइन नोंद झाली का बघा. मुलांना इमारतीचं नाव, विंग आणि आई-बाबांचा एक नंबर पाठ करून घ्या. ११२ आणि १०९८ फ्रिजवर चिकटवा. शाळेच्या रस्त्यानं पहिले काही दिवस मुलांसोबत चाला आणि वाटेतली दोन दुकानं "अडचण आली तर इथं थांबायचं" म्हणून दाखवून ठेवा. दुकानदारालाही तसं सांगा. पुण्यात नवा माणूस ओळख करून घ्यायला जरा कचरतो, पण मुलं सोबत असली की लोक स्वतःहून बोलतात.

नोटीस एक महिन्याची असेल तर नवव्या महिन्यात बसून ठरवा: इथंच राहायचं, याच किलोमीटरात दुसरं घर बघायचं, की भाग बदलायचा. मुलांना त्या चर्चेत घ्या. कुठल्या मजल्यावर कोण राहतं, खेळायला कुठं मिळतं आणि कुठल्या गल्लीतून जायला भीती वाटते, हे नऊ महिन्यांत त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळलेलं असतं.